डावऱ्या हाताच्या खाचा

जंगलात तिला सगळे मापबाई म्हणत. खरं नाव डेपोच्या रजिस्टरात होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट, वय बेचाळीस, पायांत पुरुषी बूट आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. पाइनच्या झाडाला जखम केली की राळ किती जोराने येते, किती वेळ येते आणि का थांबते, हे मोजायला संस्थेने तिला दोन हंगामांसाठी पाठवलं होतं.

राळ काढणाऱ्यांना याची गंमत वाटायची. "वाहते म्हणजे वाहते," मुकादम म्हणायचा. "त्यात मोजायचं काय? थंडीत माझं नाक पण वाहतं, तेही मोजा."

थट्टा न करणारा एकच माणूस होता. त्याला सगळे डावरा म्हणत, कारण खाच मारायचा वाकस डाव्या हाताने चालवणारा त्या डोंगरावर तो एकटाच. इतरांच्या खाचा सालीवर डावीकडून उजवीकडे उतरत, त्याच्या उजवीकडून डावीकडे. दुरूनही कळायचं, हे झाड डावऱ्याचं. पन्नाशीचा, सडपातळ, बोलायला लागला तर आधी घसा खाकरून परवानगी घेतल्यासारखा थांबणारा.

पहिल्याच आठवड्यात त्याने तिला विचारलं होतं, "बाई, सकाळी झाड तट्ट असतं आणि दुपारी ढिलं पडतं. ते तुमच्या काट्यात दिसतं का?"

ती बघतच राहिली. खोडात पोकळ सुई ठोकून त्या सुईला इवलासा दाबमापक जोडायचा, असं तिचं यंत्र होतं आणि नेमकं तेच ते दाखवत होतं. तिने त्याला काटा दाखवला. सूर्य उगवताना नऊ, दुपारी दोनला पाच.

"सकाळचा दाब सायकलच्या ट्यूबमध्ये असतो त्याच्या तिप्पट," ती म्हणाली. "आत केसाएवढ्या नळ्या आहेत, दादा. त्यांच्या भिंती जिवंत आहेत. रात्रभर मुळं पाणी ओढतात, भिंती फुगतात आणि राळ दाबून धरतात. तुम्ही खाच मारली की तो दाब सुटतो."

"म्हणजे राळ आधीपासून तिथे वाट बघत असते."

"हो. तसंच म्हणा."

"मग थांबते का?"

"उघड्यावर आली की तिच्यातलं टर्पेंटाइन उडून जातं. ती घट्ट होते, साखरेसारखे खडे धरते, नळीचं तोंड बुजायला लागतं. आणि नळी निम्मी अरुंद झाली की वाहणं निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतो."

डावऱ्याने हातातल्या वाकसाचं पातं अंगठ्याने चाचपलं. "सोळावा," तो म्हणाला. "आणि इतकी वर्षं मी समजत होतो, माझाच हात चुकतोय."

त्या दिवसापासून तो तिच्या प्रयोगाचा हात झाला. डेपोच्या वरच्या उतारावरचं त्रेसष्ट नंबरचं झाड तिने निवडलं. त्यावर सोळा खाचा मारायच्या, दर आठ दिवसांनी एक, प्रत्येक आधीच्या खाचेच्या बोटभर वर, सगळ्या सारख्याच खोल. एक जादा खोल गेली तर जास्त नळ्या कापल्या जाणार आणि आकडे फसणार. म्हणून सोळाही खाचा एकाच हाताच्या हव्यात, असं तिने त्याला सांगितलं. त्याने ते इतकं मनावर घेतलं की त्या झाडाजवळ तो कुणाला फिरकू देईना. ताप आला तेव्हाही बायकोच्या खांद्यावर हात टेकवत आला, खाच मारून गेला.

अकराव्या खाचेच्या दिवशी वारा सुटला होता. खाच झाली, खाली राळ धरायचा पेला लटकवून झाला. मापबाईच्या डोक्यात दोन दिवसांपासून एक गोष्ट घोळत होती. खोडात जितकं वर जावं तितका दाब कमी होत असणार. चार मीटर उंचीवर एकच खाच मारली तर कळेल. सोळांच्या योजनेत ती नव्हती. शिडी मात्र तिने आदल्या दिवशीच आणून ठेवली होती.

"आज नको, बाई. वारा आहे. उद्या मारू."

"उद्या ढग येतील, आकडा बदलेल. एकच खाच, दादा. मी धरते ना शिडी."

तो क्षणभर शिडीकडे बघत राहिला. मग वाकस कमरेला खोचून चढला.

तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. वर खाच बसल्याचा आवाज आला. तिने मान वर केली, तर खाचेच्या टोकाशी पहिला थेंब फुगत होता. तो सुटेल त्या क्षणी घड्याळ चालू करायचं होतं. तिने एक हात सोडला. बटण हाताला लागेना, म्हणून दुसराही.

शिडी सरकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. खाली वाळलेल्या सुयांचा जाड थर होता. डावरा मात्र त्या थरातून वर आलेल्या एकुलत्या एका दगडावर पडला. ट्रकने दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या बाकावर बसल्यावर तिचं गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे लक्ष गेलं. ते चालूच होतं. दोन तास अकरा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी डेपोचे साहेब जबाब घ्यायला आले. तिने तोंड उघडण्याआधीच त्यांनी वाक्य तयार करून दिलं. "तुम्ही पोचायच्या आतच तो स्वतःहून चढला असणार. बरोबर ना? उगाच तुमच्या प्रकल्पाला अडचण नको."

कागदावर लिहिलं गेलं: मयत बेफिकीरपणे, एकटा, स्वतःहून शिडीवर चढला. तिने खाली सही केली. सही करताना तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच.

हंगाम संपवून ती शहरात परतली. संस्थेतले लोक तिला जपून वागवत. बिचारीने डोळ्यांसमोर माणूस गमावला, असं म्हणत. तो एकटा चढला असेल तर डोळ्यांसमोर कसा, हे कुणी विचारलं नाही. घरात स्वयंपाकघराचा नळ गळत होता. तोटीशी थेंब फुगायला लागला की तिचे दोन्ही हात आपोआप ओट्याची कड पकडत. थेंब पडेपर्यंत सुटत नसत. शेवटी तिने प्लंबरला बोलावून तोटी बदलून घेतली. त्यानंतर तिला रात्री झोप लागायची, पण पहाटे ठरल्या वेळी डोळे उघडायचे. झाडं तट्ट असतात त्या वेळी.

दुसऱ्या हंगामाला तिने नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून ती गेली.

डेपोत काहीच बदललं नव्हतं. तीच राळेने काळपट झालेली जमीन, तीच पिंपांची रांग, तिच्या खोलीच्या कडीला तोच चिकटपणा. डावऱ्याची बायको आता नवऱ्याच्या वाटणीची झाडं सांभाळत होती. ती पूर्वीपासूनच त्याच्या बरोबरीने काम करायची, पण उजव्या हाताने. पहिल्या दिवशी वाटेत गाठ पडली.

"आलात, बाई," ती म्हणाली.

"आले, वहिनी."

एवढंच. वहिनी थांबल्या नाहीत.

मापबाईने नवी झाडं निवडली, सगळी खालच्या उतारावरची. वरच्या वाटेला ती गेलीच नाही. दोन आठवडे असे निघून गेले. मग एका सकाळी वरून वाऱ्याबरोबर वास आला. जुन्या राळेचा वास जड असतो, धुरकट. ताज्या राळेचा वास नाकात टोचतो. हा ताज्या राळेचा होता आणि वरच्या उतारावर तर त्या आठवड्यात कुणाचंच काम नव्हतं.

ती चढून गेली. त्रेसष्ट नंबरच्या झाडावर, अकराव्या खाचेच्या बोटभर वर, बारावी खाच होती. उजवीकडून डावीकडे उतरणारी. खाली पेला लटकवलेला, त्यात दोन बोटं राळ.

ती तिथेच खाली बसली आणि बराच वेळ त्या खाचेकडे बघत राहिली. जणू खाचच आता घसा खाकरून बोलायला लागेल.

मुकादमाला विचारलं तर तो नजर चुकवून म्हणाला, "इतकी माणसं फिरतात जंगलात, मारली असेल कुणीतरी." पण दुसऱ्या दिवसापासून लोक ती वाट टाळायला लागले. पाणी भरायला जाताना लांबचा वळसा घ्यायचे. डेपोच्या ओसरीवर एक म्हातारा राळवाला कुणाला तरी सांगत होता, "डावरा अजून कामावर आहे. त्याला कुणी कळवलंच नाही वाटतं." कुणी हसलं नाही.

आठ दिवसांनी तेरावी खाच आली. मग चौदावी.

मापबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. पण अंगावर काटा यायला विश्वास लागत नाही. तिने स्वतःला कामाला जुंपलं. गेल्या हंगामात तिने प्रत्येक खाच पारदर्शक कागदावर उतरवून घेतली होती. तशाच या नव्या खाचाही उतरवल्या आणि खोलीत खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिल्या. बारावी वेडीवाकडी होती, कडा फाटलेल्या, नवशिक्या हाताची. तेराव्या खाचेत हात थोडा बसला होता. चौदावी सरळ होती. पुढल्या खेपेला पंधरावीचा कागद तिने डावऱ्याच्या अकराव्या खाचेवर ठेवला. दोन्ही रेघा जवळजवळ एकच दिसत होत्या. एका टोकाला काय तो केसभर फरक.

जे कुणी येत होतं, ते दर आठवड्याला अधिकाधिक डावरा होत चाललं होतं.

तिने कागद उलटे करून ठेवले. त्या दुपारी ती जेवली नाही.

पण पंधराव्या खाचेचं एक बरं झालं होतं. खाच झाली त्याच सकाळी मापबाई तिथे पोचली होती. नऊ वाजता तिने पेला वजन केला, दहाला केला, अकराला केला. ताज्या जखमेतून राळ आधी जोरात येते, मग तासागणिक मंदावते. ही मंदावण्याची चाल ती डोळे मिटून काढू शकत होती. तीन वजनांवरून तिने उलटी आकडेमोड केली. खाच मारली गेली होती सहा वीसला. तिच्याच ठरवलेल्या वेळेला. गेल्या वर्षी डावऱ्याला तीच वेळ दिली होती.

आठव्या दिवशी ती पावणेसहाला वर गेली. उजेड पुरेसा होता. पंचवीसेक पावलांवरच्या जाड खोडाआड ती उभी राहिली.

खालून पावलं आली. हळू, पण अडखळत नव्हती. डावऱ्याची बायको होती. तिने डोक्याचं फडकं आवळलं, जुनी खाच हाताने पुसली, वाकस उजव्या हातात घेतला. मग थांबली आणि तो डाव्या हातात घेतला.

"वहिनी," मापबाई पुढे आली.

वहिनी दचकल्या नाहीत. "या," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, कधीतरी याल."

"तुम्ही मारताय या खाचा?"

"दुसरं कोण मारणार?"

"पण का?"

वहिनींनी वाकसाने अकरावी खाच दाखवली. "सोळा ठरल्या होत्या ना तुमच्या? त्याने घरी येऊन सांगितलं होतं, सगळ्या एकाच हाताच्या लागतात, हात बदलला की आकडे खोटे पडतात. घरात दुसरं बोलणंच नव्हतं. पाच राहिल्या. त्याने हातात घेतलेलं काम कधी अर्धवट सोडलं नाही. हिवाळाभर परसात सरपणाच्या ओंडक्यावर डाव्या हाताने शिकले. पहिली बिघडली माझी. तुमच्या लक्षात आलंच असेल."

मापबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी ते पाहिलं, पण त्यांचा आवाज मऊ झाला नाही.

"आज सोळावी. मारायच्या आधी एक विचारायचंय. शिडी कुणी धरली होती?"

वरती कुठेतरी एक पाखरू फांदी बदलून गेलं.

"कागदात लिहिलंय, एकटा चढला," वहिनी म्हणाल्या. "बाई, तो घरात स्टुलावर चढायचा तरी मला हाक मारायचा, येऊन धर म्हणायचा. उंचीला घाबरायचा तो. जमिनीवर उभं राहून खाच मारता येईल अशीच झाडं मागून घ्यायचा म्हणून लोक हसायचे त्याला. तो एकटा शिडीवर चढेल? वर्ष झालं, मी ऐकतेय बेफिकीर होता, बेफिकीर होता. माझ्या तोंडावर म्हणतात. सांगा ना, कुणी धरली होती?"

"मी," मापबाई म्हणाली.

"मग?"

"सोडली."

"का?"

तिने सगळं सांगितलं. वारा, त्याचं उद्या मारू म्हणणं, चार मीटर, थेंब, घड्याळाचं बटण. काही गाळलं नाही. आधी एक हात, मग दुसरा, हेही सांगितलं. आपला आवाज कोरडा, अहवाल वाचल्यासारखा येतोय हे तिला कळत होतं, पण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता.

"आणि ती वरची खाच," वहिनींनी सावकाश विचारलं, "तुमच्या सोळांतली होती?"

"नाही."

"नव्हती."

"नाही, वहिनी. मला सुचलं होतं, म्हणून."

वहिनी वळल्या आणि झाडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या आता रडतील किंवा तो वाकस घेऊन आपल्यावर धावून येतील, असं मापबाईला वाटलं. दोन्हीपैकी काही झालं असतं तर बरं, असंही वाटलं. वहिनींनी पाय रोवले, डावा हात उचलला आणि एका दमात खाच मारली. उजवीकडून डावीकडे. कड इतकी स्वच्छ होती की राळ यायला काही क्षण लागले. मग खाचेच्या सबंध लांबीवर बारीक बारीक थेंब उभे राहिले आणि एकमेकांत मिसळून उताराला लागले.

"झाल्या सोळा," वहिनी म्हणाल्या. "आज डेपोत माल मोजायचा दिवस आहे. सगळे असतील. जे मला सांगितलंत ते तिथे सांगायचं."

"सांगते."

"आणि कागदावर."

"हो."

दुपारी पिंपांपाशी वीस-बावीस माणसं जमली होती. मापबाई वजनकाट्याजवळ उभी राहिली आणि तिने सांगितलं. मुकादम चुळबुळत म्हणाला, "बाई, आता कशाला? झालं ते झालं."

"झालं कुठे?" वहिनी मागून म्हणाल्या. "परवा तुम्हीच म्हणालात, डावऱ्यासारखा बेफिकीरपणा करू नका रे."

मुकादमाने खाली पाहिलं. ओसरीवरच्या म्हाताऱ्याने आपलं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

त्याच संध्याकाळी मापबाईने नवा जबाब लिहून साहेबांकडे आणि संस्थेकडे पाठवला. साहेबांनी आधी तो परत घ्या म्हणून सांगून पाहिलं, मग धमकावून पाहिलं. चौकशी बसली, प्रकल्प बंद झाला. तिची नोकरी गेली, आणि पुढे चार वर्षं ती एका छोट्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. शेवटच्या अहवालात तिने स्वच्छ लिहिलं की बारा ते सोळा या खाचा दुसऱ्या व्यक्तीच्या हातच्या आहेत, त्यामुळे त्या धरता येणार नाहीत. खाली आणखी एक ओळ घालण्याचा मोह तिला आवरला नाही. पंधरावी आणि सोळावी या खाचांचे आकडे आधीच्या हाताच्या आकड्यांपासून वेगळे काढता येत नाहीत. संस्थेने ती ओळ गाळली.

मुकादमाचं अधूनमधून पत्र यायचं. त्याने कळवलं की वहिनींचा उजवा हात पुन्हा बसेना. वाकस उजव्या हातात घेतला की खाच वाकडीच जाते म्हणे. आता त्यांच्या वाटणीच्या सगळ्या झाडांवर डावऱ्या खाचा असतात. नव्या लोकांना वाटतं, तो आहेच. जुने लोक त्यांना काही सांगायच्या फंदात पडत नाहीत. आणि मापबाईचं म्हणाल, तर पहाटे तिचे डोळे उघडतच राहिले. त्यात सत्य सांगण्याने काही फरक पडला नाही.

चौकशीचा निकाल यायला दोन वर्षं लागली. कागद आला तेव्हा ती स्वतः घेऊन गेली. पोस्टाने पाठवायला मन होईना. वहिनी दारात बसून रॉकेलच्या चिंधीने हातांवरची राळ पुसत होत्या. त्यांनी तिला आत बोलावलं नाही. ती पायरीखाली उभी राहिली आणि कागद वाचून दाखवला. मयत इसमाने कामात कोणताही निष्काळजीपणा केला नव्हता. शिडीला आधार देण्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर होती, त्या व्यक्तीने तो आधार सोडल्याने अपघात घडला.

"पुन्हा वाचा."

तिने पुन्हा वाचला.

"त्या व्यक्तीने म्हणजे तुम्ही."

"हो. पुढच्या ओळीत नाव आहे माझं."

वहिनींनी हात कोरडे केले, कागद घेतला, घडीवर घडी घालून पदराच्या टोकाला बांधला. मग त्या तिच्याकडे बघून म्हणाल्या, "आज तारीख कोणती आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"आहे. तो गेला तो दिवस."

"मुद्दाम आजच आलात?"

"हो. मला वाटलं, आजच द्यावा."

"पुढच्या वर्षी या दिवशी येऊ नका, बाई," वहिनी उठत म्हणाल्या. "एरवी या हवं तर, मी नाही म्हणत नाही. पण या एका दिवशी मला त्याच्याजवळ एकटीला बसायचं असतं, आणि तुम्ही आलात की तो तुमच्याशीच बोलत बसतो."

त्यांनी दार लावून घेतलं. मापबाईने बूट घट्ट बांधले आणि उतारावरून रस्त्याच्या दिशेने चालू लागली.